आठ दहा ते आठ चौदा

पुंता अरेनासमध्ये वारा सुटला की
नगरपालिकेची माणसं चौकाचौकात दोर बांधतात.
पुढचा दोर हाती लागेपर्यंत मागचा सोडायचा नाही,
हे इथलं पोरही न शिकवता शिकतं.
लॅपटॉपला मात्र सोडायला शिकवावं लागतं.

नोल्बेर्तो आसेन्शियो, हिशेब विभाग,
मार्चात तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर बदली,
शीतगृहाच्या भिंतीला लागून, बिनखिडकीच्या खोलीत.
तक्रार क्रमांक दोनशे अकरा: इंटरनेट रडतंय.
मी गेले. त्याच्या डोक्यावर, हातभर अंतरावर
नवाकोरा अ‍ॅक्सेस पॉइंट हिरवा दिवा लावून बसलेला,
आणि याचा लॅपटॉप
मधले स्लॅब भेदून येणाऱ्या
उणे ब्याऐंशीच्या कुजबुजीला कान लावून
तिसऱ्या मजल्यालाच धरून.
आमच्या धंद्यात अशाला चिकट म्हणतात.

तक्रार क्रमांक दोनशे चौदा: लॉगिनला एकोणीस मिनिटं.
तेवढ्यात तो माते करून आणतो, पितो, भांडं विसळतो.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं त्याचं प्रोफाइल:
ज्या संगणकावर बसेल तिथे सकाळी सगळं उतरायचं,
संध्याकाळी सगळं पुन्हा सर्व्हरवर चढायचं.
अकरा जीबी.
मी गाठोडं सोडलं.
जुनी करपत्रकं. दातांच्या डॉक्टरची पावती.
एक नवीन फोल्डर, त्यात आणखी एक नवीन फोल्डर,
त्यात काही नाही.
आणि दोन हजार सहाशे फोटो, सगळे एकाच खिडकीतून.
सामुद्रधुनी. कधी जहाज,
कधी नुसता राखाडी रंग, कडेला काचेवरचा डाग.
वेळ प्रत्येकाची आठ वाजून दहा,
एखादं मिनिट इकडेतिकडे.

काढून टाकायचे का, त्यानं विचारलं,
कालचा पाव उरलाय का, असं विचारावं तशा आवाजात.

मी म्हटलं, बघू.

मध्ये एका सकाळी सर्व्हरच बसला,
त्याच्या पडद्यावर ओळ उमटली:
तुम्हाला तात्पुरतं प्रोफाइल दिलं आहे,
बाहेर पडताना इथलं सगळं पुसलं जाईल.
हे बदलीच्या पत्रातही होतं, तो म्हणाला,
फक्त खाली सही होती.

फोटो काढले नाहीत. फोल्डरची वाट वळवली.
सामान सर्व्हरवरच राहील,
हाक माराल तेवढंच खाली येईल.
लॉगिन चाळीस सेकंदांवर आलं.
आता पाणीही तापत नाही तेवढ्यात,
ही त्याची नवी तक्रार, तोंडी, क्रमांक नाही.

मग दुसरं काम. वरच्या अ‍ॅक्सेस पॉइंटचा आवाज
मी थोडा उतरवला,
लॅपटॉपला सांगितलं, उणे सत्तरच्या खाली गेलं की सोड.
दोघं तिसऱ्या मजल्यावर गेलो, चाचणी तिथून सुरू.
खिडकीशी तो थांबला नाही,
मी बघत होते म्हणून असेल.
जिना उतरताना लॅपटॉप छातीशी,
कानात पुएर्तो नातालेसची बाई, खेकड्यांचे आकडे.
मी मागून पायऱ्या मोजत होते.
एकोणिसावीवर सोडलं.
अर्धा सेकंद कुणाचंच नव्हतं ते यंत्र.
मग खालच्यानं धरलं.
'सतरा टन'मधला 'स' तेवढा जिन्यात पडला.
तेरा? बाईनं विचारलं.
सतरा, तो म्हणाला, या वेळी तळमजल्यावरून.

दोन्ही तक्रारी बंद केल्या.
तेव्हापासून नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये,
कामाच्या दिवशी एक ओळ येते:
नोल्बेर्तोचा फोन, तिसरा मजला,
आठ दहा ते आठ चौदा.
वर त्याचं काही काम नाही.
त्याच्या जागेवर आता फोटोकॉपीचं मशीन आहे.

लॉग नव्वद दिवसांनी आपोआप पुसला जातो.
मुदत वाढवून वर्षभराची करा,
असं सांतियागोहून दोनदा पत्र आलं.
वारा आहे, मी कळवलं,
इकडे सगळंच जरा हळू चाललंय.